पिल्लाआधी त्याची आई पाहावी

आमची कुत्री भुरी वस्तीवर आली त्याला या महिन्यात अकरा महिने पूर्ण झाले. जुन्नर तालुक्यात ऊस, कांदा आणि द्राक्षांच्या मधोमध आमची चार घरांची वस्ती आहे. गाव तिथून दीड किलोमीटरवर आहे. घरात सासूबाई, सासरे, आम्ही दोघे, दहा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. गोठ्यात दोन गाई, एक कालवड आणि तीन शेळ्या. अंगणात पंधरा-वीस कोंबड्या. अशा घरात कुत्रा हवा की नको, असे कुणी विचारत नाही. रात्रीच्या विजेच्या पाळीला पाणी धरायला जाणाऱ्याला तो हवा असतो आणि भर दुपारी घरी एकट्या असणाऱ्या बाईलाही हवा असतो. विचार करायचा असतो तो कोणता कुत्रा आणायचा, कुणाकडून आणायचा आणि किती वयाचा आणायचा याचा. तो विचार आम्ही एकदा केला नाही आणि त्याची झळ आमच्या धाकट्याला बसली. म्हणून भुरीच्या वेळी आम्ही फार सावकाश निर्णय घेतला. तो कसा घेतला, हे ज्यांच्या घरी लहान मुले आहेत आणि जे सध्या पिल्लाच्या शोधात आहेत त्यांच्यासाठी लिहीत आहे.

आधी ती चूक सांगते. साडेतीन वर्षांपूर्वी यांनी एका ओळखीच्या माणसामार्फत शहरातल्या एका विक्रेत्याकडून अल्सेशियनचे पिल्लू आणले. पिल्लू दोन महिन्यांचे आहे, असे आम्हाला सांगण्यात आले होते. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकांनी त्याचे ओठ उचलून दात पाहिले आणि हे पाच आठवड्यांपेक्षा मोठे नाही, असे सांगितले. आम्हाला तेव्हा त्या तीन आठवड्यांच्या फरकाचे गांभीर्य कळले नाही. उलट जितके लहान तितके आपल्याला लवकर लागेल, असेच आम्ही समजत होतो. त्याची आई आम्ही पाहिली नव्हती, बाप पाहिला नव्हता, ते कुठल्या जागेत जन्मले तेही पाहिले नव्हते. दीड वर्षाचा होईपर्यंत तो दिसायला देखणा आणि घरच्यांशी प्रेमळ होता. फक्त ताटलीजवळ कुणी गेले की त्याचे अंग ताठ होई, तो खायचा थांबे आणि मान खाली तशीच ठेवून डोळे तिरके करून पाही. हे आम्हा सर्वांना दिसत होते. खाताना कुत्रा असाच असतो, असे म्हणून आम्ही ते सोडून देत होतो. चार वर्षांचा आमचा मुलगा एके दिवशी त्याच्या ताटलीशेजारी पडलेला आपला चेंडू उचलायला वाकला आणि कुत्र्याने त्याच्या गालाचा चावा घेतला.

जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची असते, हे मला शाळेतल्या एका आरोग्य शिबिरामुळे माहीत होते, आणि मुलगा किंचाळत असतानाही मी ते केले. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू दिले नाही. आमच्या कुत्र्याला रेबीजची लस दिलेली होती. तरीही चेहऱ्यावरची जखम सर्वांत धोक्याची असते, म्हणून डॉक्टरांनी लसीबरोबर जखमेत आणि तिच्या भोवती सीरमही द्यायचे ठरवले. पहिल्या दवाखान्यात सीरम शिल्लक नव्हते, त्यामुळे त्याला मांडीवर घेऊन आम्ही पुढच्या मोठ्या रुग्णालयात गेलो. दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवले, इंजेक्शनांची एकही तारीख चुकवली नाही आणि सुदैवाने गालावर आज एक फिकट खूण तेवढी उरली आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर उपाय नाही. त्यामुळे आपलाच कुत्रा आहे, लस दिलेली आहे, नुसते दात लागले आहेत, असे म्हणून कुणीही घरी बसू नये. तो कुत्रा पुढे माझ्या एका नातेवाईक दांपत्याकडे गेला. त्यांच्या घरी मुले नाहीत आणि तिथे तो सुखात आहे. त्याला मी दोष देत नाही. तो आम्हाला कितीतरी महिने सांगत होता आणि आम्ही ऐकत नव्हतो.

यानंतर वर्षभर घरात कुत्रा नव्हता. मुलगी रडायची, सासरे रात्री दोनदा उठून गोठ्याकडे चक्कर मारायचे, आणि मी जे मिळेल ते वाचत आणि पशुवैद्यकांना विचारत होते. त्या वर्षात मला जे कळले त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वयाची आहे. पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत जगाशी ओळख करून घेत असते. त्या काळात जे जे त्याने पाहिले, हुंगले आणि ज्याच्यापासून त्याला इजा झाली नाही, ते त्याच्या लेखी आयुष्यभर आपले होते. ज्याची ओळख राहून गेली त्याची धास्ती राहते. या काळाचा पहिला भाग पिल्लाने आईजवळ आणि भावंडांजवळच घालवायला हवा. भावंडाला जोरात चावले की ते केकाटते आणि खेळ मोडते, आईच्या अंगाला दात लागले की ती उठून निघून जाते किंवा तोंडाने दाबून गप्प करते. दात किती जोराने लावायचे, हा धडा पिल्लू असा शिकते आणि माणसाला तो इतक्या चांगल्या रीतीने शिकवता येत नाही. पाचव्या आठवड्यात उचललेल्या पिल्लाचा हा धडा अर्धवट राहतो. म्हणून आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू घरी आणू नये आणि विकणारा घाई करत असेल तर तिथून पिल्लू घेऊच नये, असे माझे आता ठाम मत आहे.

जातीविषयी लोक सर्वांत जास्त बोलतात, म्हणून माझे मत थोडक्यात मांडते. लॅब्राडोर मुलांशी बहुधा चांगला वागतो. पण त्याला सतत माणसांचा सहवास लागतो, खाण्यावर त्याचा ताबा नसतो, वजन वाढले की कमरेचे आणि मागच्या पायांचे दुखणे जडते आणि राखणीसाठी तो फारसा उपयोगी नाही. अल्सेशियन हुशार असतो, मात्र त्याला रोज वेळ देऊन शिकवणारा माणूस लागतो आणि शेतकरी घरात तो वेळ निघत नाही, हे आपण मान्य केले पाहिजे. थंड मुलखातले दाट दुहेरी केसांचे कुत्रे आपल्या एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवणे मला सरळ क्रूरपणाचे वाटते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, त्याला मुख्यतः जीभ बाहेर काढून धापा टाकतच शरीर थंड ठेवावे लागते. झुंजीसाठी किंवा हल्ल्यासाठी वाढवलेल्या जातींचा विचार लहान मुले असलेल्या आणि रोज चार अनोळखी मजूर येणाऱ्या घराने करूच नये.

देशी जातींपैकी कारवान, ज्याला कर्नाटकाच्या बाजूला मुधोळ म्हणतात, हा मला मनापासून आवडणारा कुत्रा आहे. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये चार देशी जातींवर तिकिटे काढली, त्यात तो आहे. लांब पायांचा, आत गेलेल्या पोटाचा, वाऱ्यासारखा पळणारा हा कुत्रा लातूर, सोलापूरकडच्या मोकळ्या माळावर शोभतो. पण पळणारे काही दिसले की त्यामागे धावणे त्याच्या रक्तात असते. ज्या अंगणात कोंबड्या फिरतात आणि शेळीची करडे उड्या मारतात, तिथे त्याला लहानपणापासून सवय लावली नाही तर रोज भांडण होते. शिवाय त्याला परक्याने अंगाला हात लावलेला सहसा चालत नाही, आणि मुलांचे मित्र तर येताच पाठीवर हात ठेवतात.

राहतो तो आपला गावठी कुत्रा. त्याला पैसे पडत नाहीत म्हणून त्याची किंमत नाही, ही समजूत मला फार खटकते. आखूड केस, मध्यम बांधा, पोट भरले की थांबणारे खाणे, उन्हातान्हाची सवय आणि आपल्या हद्दीची जाण हे सगळे त्याच्यात शेकडो पिढ्यांत मुरलेले असते. उणेही आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तो आपल्या मनाने हिंडतो, हद्दीवरून दुसऱ्या कुत्र्यांशी भांडतो, आणि ज्या पिल्लाने लहानपणी माणसाच्या हातून दगड खाल्ले आहेत ते मोठेपणी भित्रे होते. भित्रा कुत्राच मुलांना जास्त चावतो. म्हणून गावठी घ्यायचा म्हणजे रस्त्यावरचे कुठलेही गोंडस पिल्लू उचलायचे, असे नाही. त्यातही घराणे पाहावे लागते.

हे घराणे पाहण्याची संधी आम्हाला मागच्या दिवाळीनंतर मिळाली. पारनेरकडचे एक मेंढपाळ कुटुंब दरवर्षी पावसाळा संपला की आमच्या बाजूने खाली उतरते आणि बाजरी निघालेल्या रानात दोन-तीन आठवडे त्यांचा वाडा, म्हणजे माणसांचा आणि मेंढ्यांचा तळ, असतो. मेंढ्या रानात बसवल्या की लेंड्यांचे खत मिळते, म्हणून आमच्याकडचे शेतकरी त्यांना आग्रहाने बोलावतात. त्यांच्याबरोबर लाली नावाची एक तांबूस कुत्री असते. तिला मी तीन वर्षे ओळखत होते. पहिल्या वर्षी मी ताकाची किटली घेऊन वाड्याकडे गेले तेव्हा ती शंभर पावलांवर पुढे आली, समोर उभी राहून भुंकली; पण अंगावर आली नाही. आतून म्हाताऱ्या बाबांनी नाव घेऊन हाक मारताच गप्प झाली आणि माझ्या मागून दोन हात अंतर ठेवून चालत आली. दुसऱ्या वर्षी तिने मला हुंगले आणि वाट सोडली. रात्री मात्र तिच्या गळ्यात बाहेर टोके असलेल्या खिळ्यांचा पट्टा चढे आणि मग वाड्याजवळून कुणालाही न सांगता जाण्याची सोय नव्हती.

मागच्या वर्षी वाडा आला तेव्हा घोड्याच्या पाठीवर भांडी, घोंगड्या, दोन कोंबड्या आणि नुकतेच जन्मलेले एक कोकरू यांच्या जोडीला एका टोपलीत लालीची चार पिल्ले होती. सहा आठवड्यांची. मुलीने ती पाहिली आणि घरी येऊन कुणाशी बोललीच नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वाड्यावर गेलो. मी पिल्लांजवळ उकिडवी बसून एकेकाला न्याहाळू लागले, तेव्हा बाबा म्हणाले, "पिल्लाचं काय बघता ताई, कुत्री बघा की."

मग आम्ही कुत्री पाहिली. लाली वाड्याच्या सावलीला आडवी पडली होती आणि पिल्ले तिला लुचत होती. त्यांच्यात मेंढपाळाचा दोन वर्षांचा नातू उघड्या अंगाने बसला होता आणि त्याने तिच्या मागच्या पायाला धरून उभे राहण्याचा प्रयत्न चालवला होता. त्याने जोर दिला तेव्हा तिने मान वळवली, त्याच्या हाताकडे पाहिले, पाय हळूच ओढून घेतला आणि पुन्हा मान टाकली. तिचे अंग ताठ झाले नाही, ओठ उचलला गेला नाही, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला नाही. नंतर तिला भाकरी घातली तेव्हा बाबांच्या सुनेने ती खात असतानाच ताटलीत आणखी एक तुकडा टाकला आणि तिने शेपूट हलवली. जे दीड वर्ष आमच्या डोळ्यांसमोर होऊनही आम्ही पाहिले नव्हते, त्याच्या नेमके उलट असे ते दृश्य होते. पिल्लाच्या अंगी आईचा स्वभाव रक्तातून येतोच, शिवाय तिच्याजवळ राहून ते तिचे पाहून पाहून शिकते. आई माणसाला भीत असेल तर पिल्ले तिच्यामागे दडून भ्यायला शिकतात. आई निर्धास्त असेल तर पिल्लेही पुढे येतात. पिल्लू घ्यायला गेल्यावर विकणारा आई दाखवायला तयार नसेल, ती बाहेरगावी आहे, आजारी आहे, बांधलेली आहे असे सांगत असेल, तर तेवढ्यावरूनच परत फिरावे.

पुढचे दोन आठवडे आम्ही रोज संध्याकाळी वाड्यावर जात होतो. या दोन आठवड्यांत पिल्ले आठ आठवड्यांची झाली आणि आमची ओळखही झाली. चारांपैकी एक काळे पिल्लू सर्वांत दांडगे होते. ते आम्ही दिसलो की आधी धावत येई, मुलीच्या चपलेचा पट्टा तोंडात धरून झटके देई आणि सोडवायला गेले की आणखी चेव चढून गुरगुरे. मुलीला अर्थातच तेच हवे होते. एक पिल्लू टोपलीच्या मागे बसून राही आणि उचलले की थरथरे. त्याची मला दया आली. पण दयेपोटी निवडलेले भित्रे पिल्लू लहान मुलांच्या घरात पिल्लावरही अन्याय करणारे असते. उरलेल्या दोघींपैकी भुरकट रंगाची एक होती. ती पळत येत नसे, चालत येई. हुंगे, मग मांडीवर पुढचे पाय ठेवी. बाबांनी एक दिवस मुद्दाम तिच्यापासून थोड्या अंतरावर जर्मनची परात दगडावर आपटली. काळे पिल्लू परातीवर भुंकत गेले, टोपलीमागचे दिसेनासे झाले, आणि भुरकट पिल्लू दोन पावले मागे सरले, थांबले, कान पुढे केले आणि मग सावकाश येऊन त्याने परात हुंगली. दचकणे वाईट नाही. दचकून पुन्हा सावरणारे पिल्लू मला हवे होते. मी तिला तळहातांवर उताणी धरले तेव्हा तिने थोडी हालचाल केली आणि मग माझ्याकडे पाहत सैल पडली. डोळे स्वच्छ, हिरड्या गुलाबी, शेपटीखालचा भाग कोरडा, चाल सरळ. पोट मात्र जेवणाआधीही फुगलेले होते, म्हणजे जंत होते. जंतांचे औषध दिले की तो प्रश्न मिटतो.

भुरी मादी आहे, हे ऐकून सासूबाई काही वेळ गप्प राहिल्या. आमच्याकडे कुत्री कुणी पाळत नाही, कारण वर्षातून दोनदा माजावर येते, दारात गावभरचे कुत्रे जमतात आणि दोन महिन्यांनी पाच-सहा पिल्ले होतात. ती पिल्ले पोत्यात घालून दूर कुठेतरी सोडली जातात. मी शाळेला जाताना रस्त्याच्या कडेला अशी पिल्ले कितीदा पाहिली आहेत आणि ती दोन दिवसांनी तिथेच पडलेलीही पाहिली आहेत. यावर उपाय मादी नाकारणे हा नाही, नसबंदी हा आहे. मादी सहसा घर धरून राहते, हिंडायला आणि भांडायला कमी जाते, आणि लहान मुलांच्या घरात मला ती अधिक पसंत आहे. भुरीची शस्त्रक्रिया ती आठ महिन्यांची असताना झाली. दहा दिवस तिला उडी मारू दिली नाही, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकची झापड घातली, आणि आता तो विषय घरात संपला आहे. सासूबाईच तिला सर्वांत आधी भाकर घालतात.

पिल्लू निवडणे जितके महत्त्वाचे तितकेच मुलांना तयार करणे महत्त्वाचे, आणि ते आम्ही पिल्लू येण्याआधी केले. लहान मुलांना होणारे चावे बहुतेक ओळखीच्या कुत्र्याकडून होतात, आणि मुलांचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला असल्यामुळे ते चेहऱ्यावर आणि मानेवर बसतात. म्हणून आमच्या घरात काही नियम आहेत आणि ते पाहुण्यांच्या मुलांनाही लागू आहेत. भुरी जेवत असताना तिच्या ताटलीपासून दूर राहायचे. ती झोपली असेल तर जवळ जाऊन हात लावायचा नाही, लांबून नाव घेऊन हाक मारायची. गळ्याला मिठी मारायची नाही. माणसाला मिठीत प्रेम वाटते, कुत्र्याला अडकल्यासारखे वाटते. ती उठून निघून गेली तर तिच्यामागे जायचे नाही. ओसरीच्या कोपऱ्यात, धान्याच्या कणगीमागे तिची एक जागा आहे आणि तिथे ती बसली की तिला कुणीही बोलवत नाही. धाकटा आणि ती मोठ्या माणसाशिवाय एकत्र नसतात. ती भली आहे, हे मला माहीत आहे. तरीही सहा वर्षांच्या मुलाच्या समजुतीवर कुत्र्याची परीक्षा पाहू नये.

आणि ती गुरगुरली तर तिला मारायचे नाही, हा नियम मोठ्यांसाठी आहे. आपल्याकडे कुत्रा मुलावर गुरगुरला की त्याच्या पाठीत काठी बसते. पण गुरगुरणे म्हणजे चावण्याआधी दिलेली सूचना आहे. तिच्याही आधी कुत्रा तोंड फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, ओठांवरून जीभ फिरवतो, ताठ होतो. यांतले काहीच कुणाच्या लक्षात आले नाही तर तो गुरगुरतो, आणि गुरगुरल्याबद्दल मार बसला तर पुढच्या वेळी तो ती पायरी गाळून थेट चावतो. मुलगी हे सगळे आता माझ्यापेक्षा आधी ओळखते. परवा भाऊबंदांचे एक लहान मूल भुरीचा कान धरून बसले होते. भुरीने जांभई दिली आणि मुलीने स्वयंपाकघरातून येऊन त्या मुलाला उचलले.

औषधपाण्याचे थोडे सांगायला हवे, कारण खेड्यात कुत्र्याला लस देणे हा अजूनही अनेकांना फाजील खर्च वाटतो. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास गॅस्ट्रो आणि डिस्टेंपर यांसारख्या रोगांवरची एकत्रित लस, तीन-चार आठवड्यांनी तिचा पुढचा डोस, तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस, मग पशुवैद्यक सांगतील त्या दिवशी पुन्हा आणि त्यानंतर दरवर्षी. जंतांचे औषध पिल्लूपणी दर पंधरा दिवसांनी आणि पुढे दर तीन महिन्यांनी. हे शेवटचे मुलांसाठी विशेष महत्त्वाचे आहे, कारण कुत्र्याच्या विष्ठेतील जंतांची अंडी अंगणातल्या मातीतून मुलांच्या नखांत आणि नखांतून पोटात जातात. जत्रेत बोकड कापला की त्याची आतडी, फुप्फुसे आणि काळीज कच्चेच कुत्र्यांपुढे टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्यातून एका लहान फीतकृमीचा संसर्ग कुत्र्याला होतो आणि कुत्र्यामार्फत त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. घरच्या कुत्र्याला हे कच्चे मांस कधीही घालू नये.

गोठा असलेल्या घरात गोचीड असतातच आणि गोचीडतापाने चांगला कुत्रा आठवड्यात अंथरूण धरतो. मात्र जनावरांसाठी आणलेले गोचिडाचे औषध अंदाजाने पिल्लाच्या अंगावर ओतू नये. आमच्या भागासाठी आणखी एक गोष्ट सांगते, जी मला भुरीच्या वेळीच कळली: द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषारी असतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कांदा-लसूणही त्याला चालत नाही. द्राक्षबागेत छाटणीनंतर आणि तोडणीच्या वेळी पडलेले मणी, फवारणीची डबडी, उंदरांसाठी ठेवलेल्या गोळ्या, हे सगळे पिल्लाच्या तोंडाच्या उंचीला असते.

आता बिबट्याविषयी. जुन्नरमध्ये राहून त्याविषयी लिहिले नाही तर हे सारे अपुरे राहील. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे, ते आमच्या तालुक्यात असण्याचे कारण उसाच्या फडात जन्मणाऱ्या बिबट्यांची संख्या हेच आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या खाद्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, पाळीव कुत्र्यांचा निघाला. कुत्रा बिबट्यापासून आपले रक्षण करील, या भरवशावर त्याला अंगणात बांधणे म्हणजे त्याला दारात आमिष म्हणून ठेवण्यासारखे आहे. सासऱ्यांचा मोती नावाचा कुत्रा असाच गेला. रात्री तो आंब्याच्या झाडाला साखळीने बांधलेला असे. सकाळी साखळी झाडालाच होती आणि तिच्या टोकाला पट्टा. सासरे अजूनही ती साखळी फेकू देत नाहीत आणि तिने काही बांधूही देत नाहीत.

म्हणून भुरी दिवस मावळायच्या आत आत येते. गोठ्याला लागून आम्ही विटांच्या तीन फुटी भिंतीवर लोखंडी जाळी आणि वरही जाळी घालून घेतली आहे. शेळ्या एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. तिथून तिला अंगण दिसते आणि तिचा आवाज आम्हाला येतो. राखणीला तेवढे पुरेसे आहे. ती भुंकू लागली की आम्ही दिवा लावतो, मोठ्याने बोलतो आणि कुणीही एकटे बाहेर पडत नाही. वाड्यावरच्या लालीला मोकळ्या रानात खिळ्यांचा पट्टा लागतो, कारण तिच्याभोवती भिंत नाही. आमच्याकडे भिंत बांधता येते, तर ती बांधलीच पाहिजे. ज्यांना तेवढी बंदिस्त जागा करता येणार नाही त्यांनी बिबट्याच्या भागात आधी ती जागा करावी आणि मग पिल्लू शोधावे.

वस्तीवरच्या आमच्या शेजारीण जाऊबाईंनी गेल्या आठवड्यात विचारले, की भुरीची पिल्ले झाली असती तर एक आम्हीही नेले असते, तुम्ही उगाच ऑपरेशन केले. त्यांच्याकडे तीन वर्षांची नात आहे. मी त्यांना म्हटले, पुढच्या महिन्यात दिवाळी झाली की बाबांचा वाडा येईल, यंदा तो आमच्याच बाजरीच्या रानात बसणार आहे. लालीबरोबर या वेळी पिल्ले असतील की नाही, ते मला ठाऊक नाही. पण आपण दोघी ताक घेऊन जाऊ, नातीलाही बरोबर घेऊ, आणि आधी लाली तुम्हाला दाखवते.